तीन ‘इन’ आणि एक रबरी केक : भुसावळच्या बेकरीतलं एक प्रकरण

केक फुगला होता, रंगही चांगला आला होता. पण सुरी घातली की काप सुटून यायच्याऐवजी ताणला जायचा. कापलेल्या बाजूला खालून वर गेलेली लांबट बिळं दिसत होती. चव केळ्याची, वास लोण्याचा आणि चावताना मात्र खोडरबर. एका साखरपुड्यासाठी दिलेल्या केळ्याच्या केकची अर्धी ऑर्डर परत आली, तेव्हा बेकरीच्या शेठनी कारण शोधलं ते असं : “पोरांचं इंग्रजी कच्चं आहे, सर. तुम्ही जरा क्लास घ्या.”

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, म्हणून हे आमंत्रण. बेकरीचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, त्याने प्रकरणात काही कमी होत नाही. निदान अर्धवट होतं, हे मात्र सुरुवातीलाच सांगतो. पोरांचं इंग्रजी फार चांगलं नव्हतं हे खरं, पण केक त्यामुळे बिघडला नव्हता.

बेकरी जुनी. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई यांवर ती दोन पिढ्या चालली. भट्टी लाकडाची, आणि तिच्यावर राज्य उस्तादांचं. उस्ताद अहिराणी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात. इंग्रजी वाचत नाहीत आणि आजवर त्यांचं काही अडलेलं नाही. त्यांच्या हाताखाली दोन पोरं. थोरला पोऱ्या बारावी झालेला, धाकट्याने दहावीनंतर शाळा सोडलेली. शेठची पुतणी, पोरांची ताई, पुण्याला बेकरीचा कोर्स करून आली आणि तिने केक-पेस्ट्रीचं वेगळं टेबल मांडलं. विजेचा ओव्हन आणला, मोठा मिक्सर आणला, आणि शिकताना लिहून घेतलेल्या कृती इंग्रजीतच कार्डांवर उतरवून, वर प्लास्टिक चढवून टेबलासमोर टांगल्या.

केळ्याच्या केकचं निमित्त चांगलं होतं. यावल-रावेरचा केळीपट्टा हाकेच्या अंतरावर. जास्त पिकून डाग पडलेलं केळं व्यापाऱ्याला नको असतं आणि केकला तेच लागतं. माल उत्तम, ओव्हन नवा. कार्डावर मजकूर असा होता :

“लीव्ह आउट द बटर अनटिल सॉफ्ट. क्रीम टुगेदर विथ शुगर. बीट इन द एग्ज, वन ॲट अ टाइम. स्टर इन द मॅश्ड बनाना. फोल्ड द सिफ्टेड फ्लार अँड सोडा इन. लेव्हल ऑफ अँड बेक. टर्न आउट, कूल, स्लाइस.” आणि तळाला बारीक अक्षरात : “फॉर एगलेस, लीव्ह आउट द एग्ज अँड यूज कर्ड.”

चार-पाच ओळींचा मजकूर, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यात क्रियापदाला एक शेपूट. आउट, टुगेदर, इन, इन, इन, ऑफ, आउट, पुन्हा आउट. इंग्रजी व्याकरणात यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. साधं क्रियापद आणि त्याला जोडलेला छोटा शब्द, दोन्ही मिळून एक अर्थ. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते ‘गिव्ह अप’, ‘लुक आफ्टर’ अशा याद्यांमध्ये येतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. बेकरीत ते तसे येत नाहीत. तिथे त्यांचा अर्थ हाताने करून दाखवायचा असतो.

आता केक कसा बिघडला ते पाहू.

कार्ड वाचायचा थोरला पोऱ्या. अडलं की तो फोनला विचारायचा. ‘फोल्ड’ला फोनने सांगितलं : घडी घालणे. त्याने ते उस्तादांना सांगितलं. उस्तादांनी आयुष्यभर खारीच्या घड्या घातल्या आहेत. मैद्याचा थर, त्यावर चरबट मार्गरीन, घडी, लाटणं, पुन्हा घडी. त्यांनी मिक्सरच्या भांड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, “खारीले घडी पडस. हाई ते पातळ शे, याले कशी पडी?” सगळे हसले. घडीचा विषय तिथेच संपला.

मग पोऱ्याने पूर्ण वाक्य फोनला दिलं. या वेळी उत्तर आलं : मैदा मिसळा. हे पटण्यासारखं होतं. त्याने ‘स्टर इन’ विचारलं, तेही ‘मिसळा’. ‘बीट इन’ विचारलं, तर ‘फेटून मिसळा’. तिन्ही ठिकाणी मिसळायचंच आहे, तर एकदाच का मिसळू नये? धाकट्याने दही, केळी आणि मैदा एकापाठोपाठ एक टाकले आणि मिक्सर वरच्या गतीवर लावून दिला. गुठळी राहू नये म्हणून चांगला वेळ चालवला. मेहनत कमी पडली नाही, उलट जास्त झाली.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ही जागा. ‘घडी’ हा अर्थ साफ चुकीचा होता, पण त्याने एक ग्रॅमही माल वाया गेला नाही, कारण तो इतका विचित्र होता की हात आपोआप थांबले. ‘मिसळा’ हा अर्थ बरोबरच्या अगदी जवळचा होता, म्हणून कोणी थांबलं नाही. ओव्हनमधून केक बाहेर येऊन गिऱ्हाइकाच्या ताटात पोचेपर्यंत चूक दिसलीच नाही. भाषांतर जितकं सोयीचं, तितकी त्यातली चूक उशिरा पकडली जाते. या बेकरीत पुढे जे जे पाहिलं, त्यात हेच वेगवेगळ्या रूपांत दिसलं.

तिन्ही ‘इन’मध्ये फरक काय तो थोडा सविस्तर सांगायला हवा. ‘इन’ एवढंच सांगतं की बाहेरची वस्तू आधीच्या मिश्रणात जायची आहे. किती जोराने आणि कशी, ते पहिला शब्द सांगतो. ‘बीट इन’मध्ये जोर हवा : लोणी-साखरेत अंडं घालताना ते फुटू नये, एकजीव व्हावं आणि हवा टिकावी म्हणून फेटत फेटत घालायचं. ‘स्टर इन’मध्ये चमचा फिरवायचा, हवेची चिंता करायची नाही. ‘फोल्ड इन’मध्ये जोर जवळजवळ नकोच. चपटा चमचा मिश्रणाच्या मधोमध खाली न्यायचा, तळावरून ओढत कडेने वर आणायचा आणि वरचं वर उलटायचं, भांडं थोडं फिरवायचं, पुन्हा तेच. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात काढायचा. बारीकशी गुठळी राहिली तरी चालते.

हे नखरे का? मैदा ओला झाला आणि त्याला घुसळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळं बनवतात, त्याला ग्लुटेन म्हणतात. पावाला ते हवंच असतं, त्यासाठीच मळायचं. केकला ते नको असतं. जाळं घट्ट झालं की काप ताणतो, आणि सोड्याने तयार झालेला वायू सरळ पसरू न शकल्याने बिळं करून वर निघतो. दह्याच्या केकमध्ये आणखी एक भानगड आहे. आंबटपणा आणि सोडा भेटले की वायू लगेच सुटू लागतो. मिक्सर जेवढा जास्त चालेल, तेवढा तो भांड्यातच उडून जातो आणि ओव्हनच्या वाट्याला कमी उरतो. म्हणजे एका ‘मिसळा’ने दोन्हीकडून घात केला.

कार्डाच्या मांडणीचाही दोष होता. इंग्रजीत हे जोडशब्द फोडता येतात : ‘फोल्ड इन द फ्लार’ म्हणा किंवा ‘फोल्ड द फ्लार इन’ म्हणा. ताईने दुसरी तऱ्हा वापरली होती. ओळ मोठी, कार्ड लहान, त्यामुळे ‘इन’ पुढच्या ओळीत एकटं पडलं होतं. पोऱ्याच्या डोळ्यांनी ‘फोल्ड द सिफ्टेड फ्लार’ एवढंच वाचलं. ‘इन’ कुणाचं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ आलं तर इंग्रजीत ते मधेच बसवावं लागतं, ‘रोल इट आउट’, ‘रोल आउट इट’ नाही. हा नियम मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिला आहे. पण वाचताना त्याचा उपयोग उलटा करायचा असतो, क्रियापद दिसलं की त्याचं शेपूट पुढे कुठे पडलंय ते शोधायचं, हे आपण क्वचितच शिकवतो.

शेवटच्या ओळीने आणखी वेगळा गोंधळ घातला. ‘टर्न आउट, कूल, स्लाइस.’ काय टर्न आउट? इंग्रजी पाककृतीत कर्म गाळायची रीत आहे. समोर जी वस्तू आहे तीच, असं वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. धाकट्या पोऱ्याने ‘टर्न’ म्हणजे फिरवा आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर, असं जुळवून टिन ओव्हनमध्ये अर्धवट फिरवून मग बाहेर काढला. नुकसान काही झालं नाही. अर्थ एवढाच होता की टिन उपडा करून केक सोडवून काढा, ढोकळ्याचं भांडं उपडं करतात तसा.

‘क्रीम टुगेदर’ने तर करमणूकच केली. पोऱ्याने फ्रिज उघडून सांगितलं, “ताई, क्रीम संपली.” इथेही तेच : अर्थ इतका बाजूला गेला की लगेच विचारणा झाली आणि लगेच दुरुस्ती झाली.

‘लीव्ह आउट’ तसं नव्हतं.

कार्डावर ‘लीव्ह आउट’ दोनदा आहे, आणि दोन्हीकडे अर्थ निराळा. वर लोण्याबद्दल : फ्रिजबाहेर ठेवा. खाली अंड्यांबद्दल : वगळा, घालू नका. थोरल्या पोऱ्याने वरचा अर्थ शिकून घेतला होता आणि तो बरोबर होता. म्हणून खालच्या ओळीपाशी त्याने फोन काढलाच नाही. बिनअंड्याची ऑर्डर होती. त्याने लोणी बाहेर काढलं, अंडीही बाहेर काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडून ठेवली. ताईने अंडी पाहिली म्हणून निभावलं. आपल्याकडे बिनअंड्याचा केक मागणारं घर ते चवीसाठी मागत नाही, आणि अंडं पडलेल्या पदार्थाला शाकाहाराची हिरवी खूण लावताच येत नाही. रबरी केकने अर्धी ऑर्डर परत आली होती. हा केक गेला असता तर गिऱ्हाईकच कायमचं गेलं असतं.

वरच्या ‘लीव्ह आउट’मध्ये तर भाषांतर पूर्ण बरोबर असूनही कृती चुकत होती. ‘लोणी मऊ होईपर्यंत बाहेर ठेवा.’ शब्दाला शब्द अचूक. पण ज्या देशात हे वाक्य जन्मलं, तिथे ‘बाहेर’ म्हणजे २० अंशांच्या आसपासचं स्वयंपाकघर. भुसावळचा मे महिना ४३-४४ अंशांवर सहज जातो आणि भट्टीच्या खोलीत त्याहून जास्त. लोण्यातली चरबी ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळते. साखरेबरोबर फेसायला लोणी साधारण १८ ते २१ अंशांचं हवं : दाबलं तर दबणारं, पण आकार धरून राहणारं. तेव्हाच साखरेचे कण त्यात बारीक बारीक हवेच्या जागा करतात आणि केकचा हलकेपणा तिथे सुरू होतो. वितळलेल्या लोण्यात हवा राहत नाही. टेबलावरचं लोणी पोऱ्या वळून पाहीपर्यंत वरून तेलकट आणि मधे कडक झालेलं असायचं. हा दोष कोणत्याही शब्दकोशात सापडला नसता.

आणखी एक प्रसंग दुधाच्या पावाच्या कार्डाचा आहे. कार्डावर होतं, ‘मिक्स टु क्लीन-अप, देन ॲड फॅट.’ धाकट्याने मिक्सर बंद केला, पीठ काढून परातीत ठेवलं, भांडं घासून-पुसून लख्ख केलं आणि मग मार्गरीन घेऊन उभा राहिला. ताईला हसावं की रडावं कळेना. बेकरीच्या भाषेत मळण्याच्या टप्प्यांना नावं आहेत. पाणी आणि मैदा एकमेकांना धरतात तो पिक-अप. पिठाचा गोळा होऊन भांड्याच्या कडा आपोआप स्वच्छ सुटतात तो क्लीन-अप. त्यानंतर जाळं तयार होण्याचा टप्पा. आणि मळणं फार लांबलं तर गोळा सैल, चिकट पडतो तो लेट-डाउन. चरबी क्लीन-अपनंतर घालायची, कारण आधी घातली तर ती मैद्याच्या कणांवर बसते आणि जाळं बनायला वेळ लागतो. थोडक्यात, क्लीन-अप पीठ स्वतःच करतं, माणसाने करायचा नसतो. हे ऐकून उस्ताद म्हणाले की हा टप्पा त्यांना भांड्याच्या आवाजावरून कळतो, गोळा कडेवर आपटायला लागतो तेव्हा. त्याला नाव असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

इथून पुढे काय करायचं यावर काका-पुतणीत मतभेद झाला. शेठचं म्हणणं, सगळी कार्डं मराठीत करा, भानगड मिटली. ताईचं म्हणणं, ही पोरं उद्या नाशिक, सुरत, पुण्याच्या हॉटेलात कामाला जातील. तिथला शेफ ‘नॉक बॅक’ म्हणेल तेव्हा ही काय करतील? शिवाय आज ती जे शिकतात त्यातलं निम्मं व्हिडिओतून, आणि व्हिडिओ इंग्रजीत. मला ताईचं पटलं, वेगळ्या कारणाने. मराठीत कार्ड केलं असतं तर त्यावर तोच ‘मिसळा’ बसला असता, फरक एवढाच की या वेळी आपण स्वतः लिहिलेला.

मी वर्ग घेतलाच नाही. दुपारी भट्टी उतरलेली असते तेव्हा टेबलाभोवती बसायचं, एक कार्ड घ्यायचं, प्रत्येक जोडशब्द ताईने हाताने करून दाखवायचा आणि उस्तादांनी सांगायचं की असा हात आपण कुठे फिरवतो. नाव उस्तादांचं, शेपूट इंग्रजीचं.

गंमत म्हणजे पोरांना शेपटाची कल्पना मुळीच परकी नव्हती. आपण तरी कुठे नुसतं ‘मळ’ म्हणतो? मळून घे, लाटून ठेव, काढून टाक, संपवून टाक. अहिराणीत मळी ले, काढी ठेव, मोडी टाक. दुसऱ्या क्रियापदाने पहिल्याचा रोख बदलतो : ‘काढ’ आणि ‘काढून टाक’ यांत काय फरक ते लहान मूलही जाणतं. इंग्रजीत ते काम ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ करतात, पूर्ण त्याच पद्धतीने नाही, पण ओळख पटायला तेवढं पुरतं. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवून टाक. ‘मॅश अप’ म्हणजे केळी पुरती मोडून टाक, फोडी ठेवू नको. इथला ‘अप’ वर जाण्याचा नाही, शेवटाला नेण्याचा आहे. हे थोरल्या पोऱ्याला एका बैठकीत कळलं आणि मग तो स्वतःच विचारायला लागला की ‘क्रिस्प अप’ म्हणजे पुरतं कुरकुरीत होऊ देणं का. होय, तेच.

उस्तादांच्या शब्दांपैकी दोन थेट बसले. ‘क्रीम टुगेदर’ला त्यांनी क्षणात सांगितलं, फेसणं. नानकटाईचं तूप आणि साखर पांढरं होईपर्यंत फेसतात ते. पावाच्या पहिल्यांदा फुगलेल्या पिठावर करायच्या ‘नॉक बॅक’ला म्हणाले, हवा काढून घेणं. फोनने त्याचं ‘परत ठोका’ केलं होतं आणि धाकटा खरोखर बुक्क्या मारत होता. वास्तविक त्यात जोर दाखवायचा नसतो. मोठे बुडबुडे काढायचे, आतलं-बाहेरचं तापमान सारखं करायचं आणि यीस्टला ताजा मैदा भेटवायचा, एवढंच. तळव्याने दाबून दोन-चार घड्या घातल्या तरी पुरतं. शेवटी घडी इथे उपयोगी पडली, भलत्याच कार्डावर.

‘रोल आउट’ आणि ‘स्ट्रेच आउट’ यांतला फरक समजवायला मला एक वाक्यही खर्चावं लागलं नाही. स्ट्रुडलचं, म्हणजे पातळ पिठात फळं गुंडाळून भाजतात त्या युरोपी पदार्थाचं, एक कार्ड ताईने हौसेने करून ठेवलं होतं आणि ते कधीच वापरलं गेलं नव्हतं. त्यात पीठ लाटल्यावर हातांच्या पाठीवर ताणत ताणत अगदी पारदर्शक करायचं असतं. शेठच्या घरून काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते करून दाखवलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, “हे तर मांड्यासारखं.” खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे करतात ते लाटण्याने लाटत नाहीत. सैल पिठाचा, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत मनगटापासून कोपरापर्यंत मोठा करत नेतात आणि तापलेल्या उपड्या खापरावर टाकतात. ‘आउट’ म्हणजे बाहेरच्या दिशेने पसरत जाणं, हे ज्याने एकदा मांडा होताना पाहिला त्याला सांगावं लागत नाही. लाटण्याने केलं तर रोल आउट, हातावर केलं तर स्ट्रेच आउट. त्या दिवशी स्ट्रुडल झाला नाही, पण ते कार्ड भिंतीवर परत गेलं.

‘रब इन’पाशी मात्र आमचीच पद्धत फसली, आणि ती नेमकी त्याच तऱ्हेने फसली. बिस्किटांच्या पिठात लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळत चोळत मैद्यात जिरवायचे, सगळं जाडसर रव्यासारखं दिसलं की थांबायचं, ही ती कृती. उस्ताद म्हणाले, मोहन चोळणं. काकू म्हणाल्या, शंकरपाळ्याला करतो तेच. सगळ्यांच्या माना डोलल्या, माझीही. कार्डावर लिहिलं : रब इन, मोहन चोळणं. दुसऱ्या दिवशी धाकट्याने लोणी कढईत कडकडीत गरम केलं आणि मैद्यावर ओतलं. मोहन गरमच घालतात, त्याचं काय चुकलं? बिस्किटं तेलकट आणि पसरट झाली. ‘रब इन’ला लोणी थंड हवं, कारण त्याचे छोटे कण मैद्यात अलग राहिले तर ते ओव्हनमध्ये वितळून खुसखुशीत जागा सोडतात. शिवाय मोहनाची परीक्षा मूठ वळते का ही, आणि इथली परीक्षा रवा दिसतो का ही. शब्द सख्खा वाटला, निघाला चुलत.

यानंतर कार्डांचा साचा बदलला आणि माझ्या मते खरा उपाय तो होता. आधी जोडशब्द देवनागरीत, न तोडता : ‘फोल्ड इन’, मैदा. मग घरचं नाव, असेल तर, आणि त्यापुढे ‘पण’ घालून फरक. शेवटी, सर्वांत ठळक, थांबायची खूण. ‘रब इन : मोहनासारखं चोळा, पण लोणी फ्रिजमधलं. रवा दिसला की थांबा.’ ‘फोल्ड इन : मिक्सर बंद. चपट्या चमच्याने तळातून वर. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा, गुठळी असली तरी.’ ‘बीट इन : मिक्सर चालू, मधली गती, थोडं थोडं.’ ‘स्टर इन : हाताने, चमचा.’ तीन ‘इन’ एकाखाली एक आले आणि प्रत्येकापुढे मिक्सरचं बटण कुठे असावं ते लिहिलं गेलं. धाकट्याला वाचायला एवढंच लागत होतं.

थांबायच्या खुणेचा आग्रह उस्तादांमुळे आला. ते कधीच नुसती कृती सांगत नाहीत हे माझ्या लक्षात आलं. खारी ‘भाज’ असं न म्हणता ते ‘पदर सुटला की काढ’ म्हणतात. ताईच्या मूळ वहीत ‘अनटिल जस्ट कम्बाइन्ड’ हे शब्द होते, म्हणजे नेमकी थांबायचीच खूण. कार्डावर जागा पुरेना म्हणून तिने तेच तेवढे गाळले होते. क्रियापदं उतरवली आणि खुणा सोडल्या.

‘लीव्ह आउट’चं काय केलं? ते वगळलं. लोण्याच्या ओळीत आता तो शब्दच नाही. तिथे आहे : ‘लोणी : बोट टेकवलं तर खड्डा पडावा, बोट तेलकट होऊ नये. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढून लगेच तुकडे करा, लक्ष ठेवा.’ बिनअंड्याच्या केकला वेगळंच कार्ड केलं, हिरव्या कडेचं, आणि त्यावर अंड्याचा उल्लेखच ठेवला नाही. काही शब्द शिकवण्यापेक्षा कामाच्या जागेवरून हटवणं बरं. ताईला हे थोडं खटकलं. दोन्ही अर्थ पोरांना कळायला हवेत, असं तिचं मत होतं. कळायला हवेतच, पण चहा पिताना. साखरपुड्याची ऑर्डर चालू असताना नव्हे.

केळ्याचा केक पुढच्या खेपेला नीट झाला. काप सुटून आला, आतली जाळी बारीक आणि सारखी होती. हलका म्हणावा इतका नव्हता, केळ्याचा केक तसाही ओलसर आणि भरीवच असतो. शेठनी एक तुकडा खाल्ला आणि लाकडी भट्टीसाठीही अशी कार्डं करता येतील का, असं विचारलं. तिथे मात्र हा प्रयोग थांबला. ‘टर्न डाउन द ओव्हन’ हे वाक्य त्या भट्टीला लागूच होत नाही. तिला बटण नाही. ती पहाटे कडक असते तेव्हा पाव, उतरायला लागली की खारी-नानकटाई, आणि शेवटच्या मंद आचेवर टोस्ट सुकवायला. तापमान कमी करायचं नसतं, ते कमी होत जातं आणि माल त्याच्या मागे लावायचा असतो. उस्तादांना कार्डाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला कार्डावरून ती भट्टी कळणार नाही.

थोरल्या पोऱ्याने सगळ्या कार्डांचे फोटो काढून ठेवले आहेत. त्याने एक नवी अडचण आणली : व्हिडिओतला अमेरिकन माणूस ‘नॉक बॅक’ कधीच म्हणत नाही, ‘पंच डाउन’ म्हणतो, मग ते वेगळं काही आहे का? वेगळं नाही. इंग्लंडकडचा शब्द आणि अमेरिकेचा शब्द, काम तेच. आता कार्डाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या मुलखातलं नाव लिहितात. ती बाजू हळूहळू भरते आहे, आणि भरायचं काम पोऱ्याकडे आहे.

लोण्याच्या ओळीत मात्र पुन्हा हात घालावा लागणार आहे. ती मे महिन्यात लिहिली गेली. डिसेंबर-जानेवारीत भुसावळची पहाट १० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा हेच लोणी टेबलावर कितीही वेळ ठेवलं तरी दगडासारखं राहील आणि ‘लगेच तुकडे करा, लक्ष ठेवा’ ही सूचना उलटी पडेल. ताईने त्या कार्डावरचं प्लास्टिक काढून टाकलंय आणि खाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवली आहे.